दयाकृत्ये, फ्लेमिश चित्रकलेतील

भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, परक्याला आसरा, आजाऱ्याची विचारपूस, बंदिवानाची भेट आणि मृताचे दफन या सात ख्रिस्ती दयाकृत्यांचे फ्लँडर्स व ब्राबँट या (मुख्यतः आजच्या बेल्जियममधील) प्रांतांतील चित्रकारांनी, मुख्यत्वे सोळाव्या व सतराव्या शतकांत, केलेले चित्रण. पहिली सहा कृत्ये मत्तयकृत शुभवर्तमानाच्या 25 व्या अध्यायात अंतिम न्यायाच्या, म्हणजे जगाच्या अंती ख्रिस्त सर्वांचा करील त्या न्यायाच्या, संदर्भात येतात. सातव्याचा आधार बायबलच्या जुन्या कराराशी जोडल्या जाणाऱ्या तोबीतच्या ग्रंथात शोधला जातो. दफनाची भर केव्हा पडली याविषयी मतभेद आहेत. लॅक्टँशियस या ख्रिस्ती लेखकाने चौथ्या शतकाच्या आरंभीच दफनाची गणना सत्कृत्यांत केली होती. तथापि सातांची ठराविक यादी बाराव्या शतकाच्या सुमारास रूढ झाली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. साथीच्या रोगांमुळे ही भर पडली असे स्पष्टीकरण काही वेळा दिले जाते. परंतु चौदाव्या शतकातील महामारी त्यानंतरची असल्याने ते टिकत नाही.

मूळ संदर्भ न्यायाचा असल्यामुळे आरंभी हा विषय अंतिम न्यायाच्या चित्राला जोडूनच येतो. बर्नार्ड व्हॅन ऑर्ले याने अँटवर्पच्या दानाधिकाऱ्यांसाठी रंगवलेले आणि साधारणतः 1525 पर्यंत पूर्ण झालेले त्रिफलक चित्र याचे ठळक उदाहरण होय. त्यात दफनाचा प्रसंग मधल्या फलकावर, मृतांच्या पुनरुत्थानालगत येतो व उरलेली कृत्ये बाजूच्या फलकांवर. चित्र करवून घेणारे शहराच्या गरिबांची व्यवस्था पाहत असत, हे लक्षात घेतले पाहिजे. त्याच सुमारास, 1525 मध्ये, ईपर शहराने भिक्षेवर निर्बंध घालणारी नवी दानव्यवस्था आणली आणि 1526 मध्ये ब्रूजमध्ये ह्वान लुईस व्हीव्हेस या स्पॅनिश विद्वानाचा गरिबांच्या साहाय्यावरील ग्रंथ निघाला. मूळचे आल्कमार येथील 1504 चे सात फलकांचे प्रसिद्ध चित्र, ज्यात ख्रिस्त स्वतः गरजूंच्या घोळक्यात उभा दिसतो, पुष्कळदा याच परंपरेत मोजले जाते. काटेकोरपणे पाहता ते उत्तर नेदर्लंड्सचे आहे.

थोरल्या पीटर ब्रॉयगेलच्या 1559 च्या ‘कॅरिटास’ (लॅटिनमध्ये दया, प्रेम) या रेखाचित्रात न्यायाचा देखावा नाही. हाती पेटते हृदय आणि डोक्यावर पेलिकन पक्षी असलेली दयामूर्ती मध्यभागी असून तिच्याभोवती सातही कृत्ये गावातल्या रोजच्या व्यवहारासारखी एकाच वेळी चाललेली आहेत. सद्गुणांच्या मालिकेतील या चित्राचे ताम्रपटावरून काढलेले ठसे हिएरोनिमस कॉक याने प्रकाशित केले. देणारे यांत्रिकपणे देतात, त्यामुळे येथे उपरोध आहे, असे काही अभ्यासक मानतात. मात्र चित्राखालील लॅटिन मजकूर पाहणाऱ्याला पीडिताची भावना आपलीशी करावयास सांगतो. तो उपरोधाला फारसा अनुकूल नाही. सातही कृत्ये एका चौकटीत आणण्याचे श्रेय इटालियन चित्रकार कॅराव्हाज्जोच्या 1607 च्या नेपल्समधील चित्राला देण्याची प्रथा आहे, पण हे रेखाचित्र त्याच्या जवळजवळ अर्धशतक आधीचे आहे.

त्याचा मुलगा धाकटा पीटर ब्रॉयगेल याने दयामूर्ती वगळून केवळ गावचा देखावा ठेवला. त्याच्या कार्यशाळेतून या रचनेच्या अनेक प्रती निघाल्या; त्यांपैकी कोणत्या त्याच्या स्वतःच्या हातच्या, हे ठरवणे कठीण आहे. धाकटा फ्रान्स फ्रँकेन आणि धाकटा डेव्हिड टेनिअर्स यांनीही हा विषय हाताळला. थोरल्या पीटरच्या नातीशी 1637 मध्ये विवाह झालेल्या टेनिअर्सचे या विषयावरील एक चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे.