उन्हाळ्यातला झाडाखालचा पाऊस

उत्तर कॅलिफोर्नियाच्या किनारपट्टीलगत, नद्यांच्या काठाकाठाने, रेडवूड या अतिउंच सदाहरित झाडांमध्ये अनेक लहान खासगी कॅम्पग्राउंड आहेत. तंबू ठोकण्याच्या तीस-चाळीस जागा, प्रत्येक जागेवर एक लाकडी टेबल आणि शेकोटीभोवती लोखंडी कडे, सरपण व बर्फ विकणारे छोटेसे दुकान, नाणी टाकल्यावर गरम पाणी सोडणारी न्हाणीघरे, एवढाच बहुतेकांचा पसारा असतो. जुलैत तेथे प्रथमच उतरणाऱ्याला पहिल्या रात्री चकवा बसतो. झोपताना चांदणे स्वच्छ असते आणि पहाटेच्या सुमारास तंबूवर टपटप सुरू होते. सकाळी बाहेर येऊन पाहावे तर तंबू ओलाचिंब, झाडाखालची माती भिजलेली, आणि पन्नास पावलांवर उघड्या मोकळ्या जागेतली धूळ मात्र जवळजवळ कोरडी. पाऊस पडला होता, पण तो फक्त झाडांखाली.

हा पाऊस झाडांनीच पाडलेला असतो. या भागात पाऊस साधारण ऑक्टोबर ते एप्रिल या काळात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. जून ते सप्टेंबर हेच पावसाचे महिने मानणाऱ्या आपल्यासारख्यांना तेथील पंचांग उलटे धरावे लागते. मात्र उन्हाळ्यात वायव्येकडून वाहणारे वारे किनाऱ्यालगतचे वरचे पाणी समुद्रात दूर लोटतात, त्याच्या जागी खोलवरचे थंड पाणी वर येते, आणि त्यावरून जाणारी दमट हवा गारठून धुके तयार होते. आतल्या खोऱ्यांमध्ये तापलेली हवा वर चढू लागली की हे धुके नद्यांच्या वाटेने आत ओढले जाते. रेडवूडच्या बारीक पानांच्या फण्यांमध्ये धुक्याचे कण अडकतात, एकमेकांत मिसळून थेंब होतात आणि खाली पडतात. वनस्पतींचे अभ्यासक टॉड डॉसन यांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, त्यांनी पाहिलेल्या जंगलात वर्षभरात जमिनीला मिळणाऱ्या पाण्यापैकी सुमारे एक-तृतीयांश पाणी अशा ठिबकण्यातून येत होते. झाडे नसलेल्या जागी धुक्याचा वाटा त्याच्या निम्माच होता.

याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. उन्हाळ्यात रेडवूडच्या स्वतःच्या शरीरातले सुमारे 19 टक्के पाणी या ठिबकलेल्या धुक्याचे होते, तर त्याच्या पायथ्याशी वाढणाऱ्या लहान वनस्पतींमध्ये हा वाटा सुमारे 66 टक्के होता. म्हणजे झाड धुके गाळते आणि त्याचा मोठा लाभ खालच्या नेच्यांना मिळतो, शिवाय तेथे गालिच्यासारख्या पसरणाऱ्या रेडवूड सॉरेललाही. ही सॉरेल म्हणजे आपल्या अंगणात उगवणाऱ्या आंबुशीची चुलत बहीण. तशीच तीन दलांची, चवीला तशीच आंबट. गर्द सावलीत जगायला ती इतकी सरावलेली आहे की फांद्यांमधून उन्हाचा कवडसा पानावर पडला, तर काही मिनिटांतच तिची दले छत्री मिटावी तशी खाली झुकतात आणि कवडसा सरकला की पुन्हा उघडतात. कॉफीचा कप हातात घेऊन टेबलापाशी बसल्या बसल्या हा खेळ पाहता येतो.

झाडाला पाणी केवळ मुळांतूनच मिळते असेही नाही. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात रेडवूडला दोन प्रकारची पाने असल्याचे दिसले: एक प्रकार प्रकाशातून अन्न तयार करण्याचे काम करतो, तर डहाळीला चिकटून असलेली दुसऱ्या प्रकारची पाने प्रामुख्याने पाणी शोषून घेतात. शंभर मीटरच्या पलीकडे जाणाऱ्या झाडाला ही सोय उपयोगी पडते, कारण मुळांपासून शेंड्यापर्यंत पाण्याचा स्तंभ ओढून न्यायचा म्हणजे सारा प्रवास गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध असतो. 2006 मध्ये सापडलेले हायपेरियन हे ज्ञात झाडांतले सर्वांत उंच झाड सुमारे 116 मीटरचे आहे.

कॅम्पग्राउंडचा भर हंगाम मेच्या शेवटच्या सोमवारी येणाऱ्या मेमोरियल डेपासून सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या लेबर डेपर्यंत. नेमक्या याच काळात मार्बल्ड मरलेट हा समुद्रपक्षी जुन्या झाडांच्या जाड, शेवाळलेल्या फांद्यांवर एकुलते एक अंडे घालतो. तो मासे समुद्रात पकडतो आणि घरटे मात्र जंगलात करतो, त्यामुळे त्याचा ठावठिकाणा कित्येक वर्षे कोणाला लागला नव्हता. त्याचे झाडावरचे घरटे 1974 मध्ये बिग बेसिन या सरकारी उद्यानात, चक्क कॅम्पग्राउंडमधल्या एका डग्लस फरवर, फांद्या छाटायला चढलेल्या माणसाला दिसले. सांडलेल्या अन्नाच्या आशेने स्टेलर्स जे हे निळे पक्षी आणि डोमकावळे तळाभोवती गोळा होतात, आणि उरल्या वेळात मरलेटची अंडी व पिल्ले हुडकतात. म्हणून तेथे टेबलाखालचा कणन् कण उचलण्याचा आग्रह धरला जातो. सॅन होजे-फ्रिमाँटकडून सुट्टीत येणाऱ्या मराठी मंडळींच्या डब्यातला चिवडा या दृष्टीने फारच धोकादायक पदार्थ म्हणावा लागेल.

सप्टेंबर-ऑक्टोबरात धुके विरळ होते, किनाऱ्यावर वर्षातले सर्वांत उबदार दिवस येतात आणि शेकोट्यांवर बंदी येण्याचा हाच काळ असतो. रेडवूडची साल 30 सेंटीमीटरपर्यंत जाड असू शकते, तिच्यात टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर आणि पेट घेणारी राळ अत्यल्प असते, म्हणून आगीतही झाड सहसा तग धरते. ऑगस्ट 2020 मध्ये कोरड्या विजांमुळे लागलेल्या वणव्यात बिग बेसिन जवळजवळ संपूर्ण होरपळले, इमारती आणि तळ बेचिराख झाले. काळ्याठिक्कर खोडांना मात्र काही महिन्यांतच तळापासून वरपर्यंत हिरवे धुमारे फुटले. या कोवळ्या फुटव्यांसाठी वापरलेली साखर झाडाने कित्येक वर्षांपूर्वी, काही अंशी तर अनेक दशकांपूर्वी तयार करून साठवलेली होती, असे पुढे 2023 मध्ये संशोधकांनी दाखवले.

पाऊस सुरू झाला की नदीकाठचे बरेच तळ बंद होतात. वादळात वरून तुटून येणारी एखादी फांदीच तंबूचा चेंदामेंदा करण्याइतकी जड असते, आणि नदीचा धाक त्याहून मोठा. डिसेंबर 1964 च्या पुरात ईल नदीने काठावरची गावे धुऊन नेली. ईलकाठच्या वीअट गावी त्या पुराच्या पाण्याची उंची दाखवणारी खूण रस्त्याकडेच्या खांबावर बरीच वर डोक्यावर आहे. तळ अशा धोक्याच्या जागी का उभारले, असा प्रश्न पडतो. तंबूला सपाट जमीन लागते, आणि ती या डोंगराळ मुलखात नदीनेच गाळ आणून केलेली आहे. अतिशय उंच रेडवूडांपैकी बरेचसे याच गाळाच्या सपाटीवर वाढतात. त्यांची मुळे खोल जात नाहीत, जेमतेम काही मीटर. ती आडवी दूरवर पसरून शेजारच्या झाडांच्या मुळांत गुंततात. त्यामुळे एकाच पायवाटेवर हजारो पावले पडून माती घट्ट झाली तर त्रास झाडाला होतो, आणि जुन्या बुंध्यांभोवती कुंपण घालण्यामागचे कारण तेच.

पूर ओसरल्यावर मालक मार्चमध्ये फावडी घेऊन जागांवरचा गाळ उपसतो, टेबले खणून काढतो, न्हाणीघराचे नळ पुन्हा जोडतो. कुंपणाच्या आत गाळ तसाच राहू देतात. बुंध्याभोवती तो साचला की जुनी मुळे गुदमरू लागतात. मग झाड गाळात गाडल्या गेलेल्या खोडातून, पूर्वीपेक्षा वरच्या पातळीवर, नव्या मुळांचा एक मजला चढवते.