बीव्हर

बीव्हर हा उंदीर-घुशीच्या जातकुळीतला, म्हणजे कृंतक गटातला, पण लई दांडगा अन् पाण्याकाठी राहणारा प्राणी. कृंतकांमध्ये दक्षिण अमेरिकेतला कॅपिबारा सोडला तर याच्याएवढा मोठा दुसरा नाही, पूर्ण वाढलेला बीव्हर साधारण 16 ते 30 किलो भरतो. जगात याच्या दोनच जाती आहेत, एक उत्तर अमेरिकेतली अन् दुसरी युरोप-आशियातली. भारतात जंगली बीव्हर कुठंच नाही, त्यामुळं गोदावरीत बीव्हर सापडला म्हणून कुणी व्हिडिओ फॉरवर्ड केला तर ते बहुतेक पाणमांजर असणार. पाणमांजर मासे खातं, बीव्हर पक्का शाकाहारी, झाडाची साल, कोवळ्या फांद्या, पाला अन् पाण्यातल्या वनस्पती यावरच त्याचं भागतं.

त्याचे पुढचे दात नारिंगी असतात, कारण वरच्या थरात लोह असतंय. हे दात जन्मभर वाढत राहतात, समोरची बाजू कडक अन् मागची मऊ, म्हणून कुरतडता कुरतडता मागची बाजू आधी झिजते आणि धार आपोआप लागत जाते. ओठ या दातांच्या मागं मिटतात, त्यामुळं पाण्याखाली लाकूड कुरतडलं तरी तोंडात पाणी जात नाही. बुडी मारली की नाक-कान बंद होतात, डोळ्यावर पारदर्शक पापणी येते आणि गरज पडली तर पंधराएक मिनिटं तो खाली राहू शकतो.

कार्टूनमध्ये बीव्हर शेपटीनं थापी मारून गिलावा करताना दाखवतात, तसलं काही नसतंय. चिखल तो पुढच्या पायांनी छातीशी कवटाळून नेतो. चपटी, खवल्यांची शेपटी पोहताना वळायला, झाड कुरतडत बसताना टेकायला आणि चरबी साठवायला. धोका दिसला की पाण्यावर शेपटी फाडकन आपटायची, की बाकीचे लगेच बुडी मारतात.

आता बांधाचं. बरेच जण समजतात की याला पाणी साठवायची हौस आहे, पण त्याला ना शेती ना टँकरची चिंता, त्याला फक्त घराचं दार पाण्याखाली ठेवायचं असतंय. फांद्या अन् चिखलाचं घर, आतली खोली पाण्याच्या वर कोरडी, माथ्याला हवेसाठी जागा आणि आत शिरायची वाट पाण्याखालून. ओढा उथळ असला तर दार उघडं पडतं आणि लांडगा, कोयोट (लांडग्याच्या जातीतला तिकडचा लहान प्राणी), अस्वल येऊन बसतं, म्हणून पाण्याची पातळी वर आणायची. मुळातच खोल नदी किंवा तळं असेल तर बीव्हर बांध घालायच्या भानगडीत पडत नाही, सरळ काठात बीळ करून राहतो.

झाड पाडताना तो बुंधा कुरतडून मधली कंबर बारीक करत जातो, खाली ढलप्यांचा ढीग पडतो, अन् झाड कुठल्या बाजूला पडंल याचा हिशोब त्याला नसतोय, कधी कधी झाडाखाली स्वतःच सापडून मरतो. मग फांद्या, दगड, चिखल आणून पात्रात रचत जायचं, हे काम मुख्यतः रात्री. ना इस्टिमेट ना गुत्तेदार, तरी डागडुजी वेळेवर होते! कॅनडातल्या अल्बर्टामध्ये वुड बफेलो नॅशनल पार्कात 700 मीटरपेक्षा लांब बांध आहे, तो 2007 मध्ये सॅटेलाइटच्या फोटोत सापडला.

पण हा बांध गळका असतो, हीच खरी गंमत. आपल्याकडं पावसाळा सरता सरता ओढ्यात पोती रचून वनराई बंधारा घालतात ना, त्याच्याजवळचं काम आहे हे, पाणी झिरपत राहतं पण त्याचा वेग मोडतो. गाळ खाली बसतो, आजूबाजूची भूजल पातळी वाढते, पुराचा जोर कमी होतो, उन्हाळ्यात खालच्या अंगाला धार टिकते आणि बेडूक, मासे, बदकं सगळी गोळा होतात. गाळ काढायला तिथं कुणी जेसीबी आणत नाही, तळं भरत आलं की बीव्हर दुसरीकडं जातो आणि मागं कुरण तयार होतं.

1960 च्या दशकात स्वीडनचे प्राणी-अभ्यासक लार्स विल्सन यांनी पाळलेल्या बीव्हरांवर प्रयोग केले, त्यात असं दिसलं की वाहत्या पाण्याचा नुसता आवाज ऐकू आला तरी ते त्या जागेवर काटक्या-चिखल रचायला लागतात. म्हणूनच रस्त्याखालच्या नळ्या बुजवून हा लई ताप देतो. त्यावर तिकडं बांधातून लांब पाइप घालतात अन् त्याचं तोंड तळ्यात आत, खोल पाण्यात जाळी लावून ठेवतात, म्हणजे आवाज नाही आणि पाणी कुठनं चाललंय हे त्याला कळतच नाही.

नर-मादीची जोडी सहसा आयुष्यभराची. पिल्लं दोनेक वर्षं आईबापाजवळ राहतात, मग आपला ओढा शोधायला निघतात. हिवाळ्यात तळं वरून गोठतं म्हणून आधीच फांद्या घराजवळ पाण्याखाली चिखलात रोवून ठेवायच्या, बर्फाखालूनच जाऊन खायचं.

माणसानं याला मुख्यतः कातडीसाठी मारलं, युरोपात याच्या केसांच्या फेल्ट (केस दाबून केलेलं जाड कापड) टोप्यांची फॅशन होती आणि 1670 मध्ये निघालेली हडसन्स बे कंपनी याच धंद्यावर मोठी झाली. युरोप-आशियातली जात 1900 च्या आसपास 1,200 वर आली होती, आता दहा लाखांच्या वर गेलीय. अमेरिकेत आयडाहो राज्यानं 1948 मध्ये 76 बीव्हर पेटीत घालून पॅराशूटनं डोंगरात उतरवले, हे खरंय.

हे वाचून कुणीतरी म्हणणारच, मग बीड-धाराशिवला सोडा की चार जोड्या. इथं ते जमायचं नाही. आपले ओढे उन्हाळ्यात ठणठणीत कोरडे, याला बारमाही पाणी लागतं, आणि ओढ्यात उभी ती वेडी बाभूळ, याला विलो-पॉप्लरसारखी झाडं पाहिजेत. शिवाय परक्या मुलखात प्राणी सोडल्यावर काय होतं ते अर्जेंटिनानं बघितलंय, 1946 मध्ये दक्षिण टोकाच्या तिएरा देल फुएगोत फर धंद्यासाठी बीव्हर सोडले, शिकारी प्राणी नव्हते, ते बेसुमार वाढले अन् पोहत चिलीतही पसरले. तिथली झाडं उत्तर अमेरिकेतल्या विलोसारखी तोडल्यावर पुन्हा फुटत नाहीत, पाण्यात उभी राहिली की मरतात, त्यामुळं नदीकाठची जंगलं वाळून गेली आणि आता दोन्ही देश बीव्हर हटवायच्या मागं लागलेत.