राशीद ताहाला राईवाला म्हणू नका

राई गायक खालेदचं ‘दीदी’ ऐकलेलं नाही असा नव्वदच्या दशकातला माणूस आपल्याकडे सापडणं अवघड, त्यामुळे राई या संगीतप्रकारावर फार वेळ घालवत नाही. अल्जीरियातल्या ओरान शहराचं नि आसपासच्या मुलखाचं हे गाणं. विषय प्रेम, दारू, विरह. आधी साथीला गस्बा बासरी नि गेल्लाल ढोल होते, ऐंशीच्या दशकात सिंथेसायझर नि ड्रम मशीन आली. शेखा रिमित्ती, शेब हस्नी ही त्यातली मोठी नावं. २०२२ मध्ये युनेस्कोनेही राईला वारसा यादीत घेतलं.

डोकं फिरतं ते पुढे. राशीद ताहा या गायकाचा ‘तेकित्वा’ हा अल्बम (२००४) लागला की कुणीतरी हमखास म्हणणार, “वा, राई-रॉक!” ढोलकी वाजली की लावणीच, असं मानणाऱ्यांतला हा प्रकार. गोंधळाला निमित्तं आहेत, नाही असं नाही. ताहाचा जन्म १९५८ चा, ओरानजवळच्या सिगचा. ताहा नि खालेद दोघांनी नाव काढलं फ्रान्समध्ये, दोघेही अरबी-फ्रेंचमध्ये गाणारे. त्यात सप्टेंबर १९९८ मध्ये पॅरिसच्या बेर्सी सभागृहात ताहा, खालेद आणि आणखी एक राई गायक फोदेल एकाच मंचावर गायले, त्याचा अल्बम तुफान चालला आणि तिघांची एकच मोट बांधली गेली.

पण गाणं तोललंय कशावर, ते ऐका. राईत सगळा भार गळ्यावर असतो. खालेद एक स्वर धरतो, लांबवतो, हलवतो, आणि वाद्यं त्याच्या मागून चालतात. म्हणूनच बासरी जाऊन सिंथ आला, सिंथच्या जोडीला डॉन वॉजसारखा अमेरिकन निर्माता आला, तरी राई ती राईच राहिली. ताहाकडे तसला गळा नव्हताच. त्याचा आवाज खरखरीत. तो अर्धं बोलतो, अर्धं खेकसतो. ‘तेकित्वा’त गाणं उभं राहतं ते गिटारच्या पुन्हापुन्हा आदळणाऱ्या ओळीवर आणि ड्रम्सवर. निर्माता स्टीव्ह हिलेज, मूळचा रॉक गिटारवाला. ताहा स्वतः फ्रान्समधल्या ल्यों शहराच्या ‘कार्त द सेजूर’ या बँडमधून आलेला. कारखान्यातल्या सोबत्यांबरोबर काढलेल्या या बँडने १९८६ मध्ये फ्रेंच गायक शार्ल त्रेनेचं लाडकं ‘दूस फ्रान्स’ (‘गोड फ्रान्स’) असं काही गायलं की गोड देशभक्तीचा टोमणा झाला. ही वाट पंकची आहे, ओरानच्या मैफलींची नव्हे.

आणि अल्बममध्ये अल्जीरिया ऐकू येते तीसुद्धा निव्वळ ओरानची नाही. गिटारमधून मधूनच एक तंतुवाद्य खणखणीत वर येतं. लोक त्याला बेधडक ऊद, म्हणजे अरबी ल्यूट म्हणतात. (यानेही माझं डोकं उठतं.) ते हकीम हमादाशचं मँडोल्यूट. त्याचं नातं अल्जिअर्सच्या शाबी संगीतातल्या मँडोलशी आहे. शाबी म्हणजे राजधानीच्या जुन्या वस्तीतलं गाणं, राईपेक्षा वेगळं घराणं. ताहाचं सर्वांत गाजलेलं ‘या रायाह’ही मुळात दहमान अल हर्राशीचं, म्हणजे शाबीच. त्यालाही राईच्या यादीत घालणारे आहेतच!

याच अल्बममधलं ‘रॉक एल कसबा’ नीट ऐकलंत तर वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. मूळ गाणं द क्लॅश या ब्रिटिश पंक बँडचं, १९८२ चं. ताहा कडवी अल्जीरियन अरबीत आणतो, खाली मँडोल्यूट नि तालवाद्यं घालतो, पण गाण्याचा सांगाडा रॉकचाच ठेवतो. अरबी इथे सजावटीला नाही. ती रस्त्यावरची, रागावलेली भाषा आहे.

फ्रेंचचंही तेच. खालेदचं ‘आयशा’ (१९९६) फ्रेंच गायक-गीतकार जाँ-जाक गोल्डमनने लिहिलं. ते आर्जवी, सुबक फ्रेंच आहे. ‘तेकित्वा’ हे शीर्षकगीत म्हणजे ‘तू कोण रे?’ अशी सरळ गचांडी, आणि त्यात फ्रेंच गायक क्रिस्तियाँ ओलिव्हिए ताहाशी तितक्याच आवाजात भांडतो. ‘आयशा’ लग्नात वाजवा, माझं काही म्हणणं नाही. तसं खूप वेळा ऐकल्यावर ते मला पाकातल्या बिघडलेल्या पुरीसारखं लागतं. ‘तेकित्वा’ मात्र आवाज वाढवून, पहिल्या गाण्यापासून ओळीने ऐका. ‘अरेबिक लाउंज’ नावाच्या प्लेलिस्टमध्ये कोंबू नका.