रासायनिक बंध

दोन किंवा अधिक अणूंना एकत्र धरून त्यांच्यापासून रेणू, स्फटिक किंवा धातू यांसारखी स्थिर रचना घडवणाऱ्या आकर्षणाला रासायनिक बंध म्हणतात. हे आकर्षण मुळात विद्युतीय असते. अणुकेंद्रकावर धन प्रभार असतो आणि इलेक्ट्रॉनांवर ऋण. त्यामुळे दोन अणू जवळ आले की एकाचे केंद्रक दुसऱ्याच्या इलेक्ट्रॉनांना ओढू लागते, तर केंद्रके एकमेकांना आणि इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर लोटतात. या ओढाताणीत एकूण ऊर्जा जेथे सर्वांत कमी होते, त्या अंतरावर अणू स्थिरावतात. पाठ्यपुस्तकात दोन मूलद्रव्यांच्या चिन्हांमध्ये काढलेली रेघ ही या समतोलाची खूण आहे; प्रत्यक्षात अणूंच्या मध्ये काडी, आकडा किंवा डिंक असे काहीही नसते.

सर्वांत साधे उदाहरण हायड्रोजनच्या रेणूचे आहे. त्याच्या दोन केंद्रकांमधील अंतर 74 पिकोमीटर असते (एक पिकोमीटर म्हणजे मीटरचा एक लाख कोटीवा भाग). अंतर याहून कमी केले तर केंद्रकांमधील प्रतिकर्षण झपाट्याने वाढते आणि जास्त केले तर आकर्षण दुबळे पडते. एक मोल (अणू-रेणू मोजण्याचे, कणांच्या एका ठरावीक मोठ्या संख्येचे माप) हायड्रोजनचे सर्व रेणू तोडून सुटे अणू मिळवायचे असतील तर सुमारे 436 किलोज्यूल ऊर्जा पुरवावी लागते, आणि सुटे अणू पुन्हा जुळले की तेवढीच ऊर्जा बाहेर पडते. हा बंध नेमका का तयार होतो याचा पुंजयामिकीच्या (क्वांटम मेकॅनिक्सच्या) आधारे पहिला समाधानकारक हिशेब वॉल्टर हाइटलर आणि फ्रिट्झ लंडन यांनी 1927 मध्ये मांडला.

बंध तोडायला ऊर्जा लागते आणि बंध जुळताना ऊर्जा बाहेर पडते, हे येथे ठासून सांगितले पाहिजे. इंधनाच्या बंधांत ऊर्जा साठवलेली असते आणि बंध तुटले की ती मोकळी होते, ही समजूत शाळेपासून महाविद्यालयापर्यंत टिकून राहते आणि पुढे रसायनशास्त्रातील जवळजवळ प्रत्येक प्रकरण समजण्याच्या आड येते.

अणूंच्या जोडणीचे पहिले व्यवस्थित चित्र 1916 मध्ये पुढे आले. जर्मनीत वाल्थर कोसेल यांनी इलेक्ट्रॉनांच्या देवाणघेवाणीतून होणाऱ्या बंधाचे, तर अमेरिकेत गिल्बर्ट न्यूटन लुईस यांनी इलेक्ट्रॉनांच्या सामायिक जोडीचे स्पष्टीकरण दिले. निऑन, आर्गॉन यांसारख्या राजवायूंच्या बाह्यतम कवचात आठ इलेक्ट्रॉन असतात व ते सहसा कोणाशी संयोग पावत नाहीत; यावरून इतर अणूही आठ इलेक्ट्रॉनांची स्थिती गाठण्याच्या दिशेने जातात, असा अष्टकाचा नियम रूढ झाला. नियम उपयुक्त आहे, पण तो कारण नव्हे. अणूला अष्टक पूर्ण करण्याची इच्छा नसते. ऊर्जा कमी होणे हेच एकमेव कारण असते आणि अष्टक हा बहुतेक वेळा त्याचा परिणाम असतो. बोरॉन ट्रायफ्लुओराइडमध्ये बोरॉनभोवती सहाच इलेक्ट्रॉन असतात, सल्फर हेक्झाफ्लुओराइडमध्ये गंधक सहा बंध करते, आणि झेनॉन हा राजवायूसुद्धा संयुग देतो हे नील बार्टलेट यांनी 1962 मध्ये दाखवून दिले.

इलेक्ट्रॉनांच्या देवाणघेवाणीतून होणारा आयनिक बंध समजून घेण्यासाठी मुंबईकराला लांब जावे लागत नाही. वडाळ्यापासून मुलुंडपर्यंत खाडीलगत मिठागरांची जमीन पसरलेली आहे आणि त्यांतील बरीच मिठागरे आता बंद असली, तरी तेथे पिढ्यान्‌पिढ्या चाललेली क्रिया या बंधाचा उत्तम पाठ आहे. भरतीचे पाणी उथळ वाफ्यांत घेऊन उन्हात आटवले जाते. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, परंतु त्यात मिठाचे रेणू तरंगत नसतात; सोडिअमचे धन आयन आणि क्लोरिनचे ऋण आयन (आयन म्हणजे इलेक्ट्रॉन गमावून किंवा घेऊन प्रभारित झालेला अणू) पाण्याच्या रेणूंनी वेढलेले, एकमेकांपासून सुटे असतात. पाणी आटत जाते तसे आधी कॅल्शिअम सल्फेट, म्हणजे जिप्सम, खाली बसते. द्रावणाची घनता सुमारे 25 अंश बोमेपर्यंत (बोमे ही द्रवाची घनता मोजण्याची मोजपट्टी) पोहोचली की आयनांना वेढून ठेवायला पाणी पुरत नाही आणि मीठ स्फटिकरूपाने धरू लागते. ते गोळा केल्यावर उरलेले, मॅग्नेशिअमच्या क्षारांचे कडवट पाणी काढून टाकावे लागते. नाहीतर मीठ कडसर लागते आणि दमट हवेत पाझरते.

अशा खड्याचा कण भिंगाखाली धरला तर त्याच्या कडा काटकोनात मिळालेल्या दिसतात. हा घनाकार आतल्या मांडणीतून आलेला असतो: प्रत्येक सोडिअम आयनाभोवती सहा क्लोराइड आयन आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडिअम आयन, लगतच्या दोहोंमधील अंतर 282 पिकोमीटर. पिता-पुत्र ब्रॅग यांच्या क्ष-किरण प्रयोगांतून 1913 मध्ये ही रचना उलगडली, तेव्हा मिठाच्या स्फटिकात एका सोडिअमची एका क्लोरिनशी लागलेली जोडी कोठेच नाही, ही गोष्ट अनेक रसायनशास्त्रज्ञांना पचायला जड गेली.

येथील ऊर्जेचा हिशेब बारकाईने पाहण्यासारखा आहे. सोडिअमच्या एक मोल सुट्या अणूंमधून प्रत्येकी एक इलेक्ट्रॉन काढण्यास 496 किलोज्यूल लागतात. तो इलेक्ट्रॉन क्लोरिनच्या अणूने घेतल्यावर 349 किलोज्यूलच परत मिळतात. म्हणजे केवळ देवाणघेवाणीत 147 किलोज्यूलचा तोटा आहे. सोडिअम आनंदाने इलेक्ट्रॉन देतो, हे वर्गात नेहमी ऐकू येणारे वाक्य या आकड्यापुढे टिकत नाही. तोटा भरून निघतो तो विरुद्ध प्रभारांचे आयन जवळ येऊन स्फटिकात रचले गेल्यामुळे, कारण त्या रचनेत 787 किलोज्यूल बाहेर पडतात. बंधाचे बळ देवाणघेवाणीत नसून नंतरच्या आकर्षणात आहे. म्हणूनच सोडिअम धातू 98 अंश सेल्सिअसला वितळतो, तर मिठाला 801 अंश लागतात. असे बळकट मीठ पेलाभर पाण्यात मात्र सहज विरघळते. पाण्याचे रेणू आयनांना वेढताना जवळपास तितकीच ऊर्जा परत मिळते व मोलमागे जेमतेम 4 किलोज्यूलची तूट पडते. ही तूट पाण्यातील उष्णतेतून भागते, त्यामुळे मीठ विरघळताना पाणी किंचित थंड होते.

सहसंयुज बंधात इलेक्ट्रॉन दिला-घेतला जात नाही, तर दोन अणूंमध्ये त्यांच्या जोडीची भागीदारी होते. एका जोडीने एकेरी बंध, दोन जोड्यांनी द्विबंध आणि तीन जोड्यांनी त्रिबंध होतो. बंधातील जोड्या वाढतात तसे अणू जवळ येतात: कार्बन-कार्बन एकेरी बंध 154, द्विबंध 134 आणि त्रिबंध 120 पिकोमीटर लांबीचा असतो. या बंधांना दिशाही असते. मिथेनच्या रेणूत कार्बनभोवतीचे चार हायड्रोजन चतुष्फलकाच्या टोकांवर, परस्परांशी 109.5 अंशांचा कोन करून असतात.

हाच मिथेन मुंबईतील लाखो घरांत नळाच्या गॅसचा मुख्य घटक म्हणून येतो. 1974 मध्ये अरबी समुद्रात सापडलेल्या मुंबई हाय क्षेत्रातील नैसर्गिक वायू उरणला किनाऱ्यावर आणला जातो. (सिलिंडरमध्ये भरलेला गॅस वेगळा, तो प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण असतो.) शेगडीवर एक मोल, म्हणजे 16 ग्रॅम, मिथेन जळताना कार्बन-हायड्रोजनचे चार बंध तोडण्यास सुमारे 1652 आणि ऑक्सिजनच्या दोन रेणूंमधील द्विबंध तोडण्यास 996, असा एकूण 2648 किलोज्यूलचा खर्च येतो. त्यानंतर कार्बन डायऑक्साइडमधील दोन द्विबंध आणि वाफेच्या दोन रेणूंमधील चार बंध जुळताना 3450 किलोज्यूल मिळतात. हाती उरलेल्या 802 किलोज्यूलमध्ये, काहीही वाया गेले नाही असे मानले तर, 27 अंशांचे अडीच लिटर पाणी उकळीपर्यंत तापते. चहाचे आधण ठेवताना जी उष्णता मिळते ती अशी नव्या बंधांच्या जुळणीतून आलेली असते. लायटरची ठिणगी लागते ती पहिले काही बंध तोडण्यापुरती. पुढे ज्योतच तो खर्च भागवते.

नायट्रोजनच्या बाबतीत हा पहिला खर्च फार मोठा आहे. हवेचा सुमारे 78 टक्के भाग असलेल्या या वायूच्या रेणूतील त्रिबंध तोडण्यास मोलमागे 945 किलोज्यूल लागतात. नायट्रोजन आणि हायड्रोजन यांच्यापासून अमोनिया होताना एकूण हिशेबात ऊर्जा सुटत असूनही हे दोन वायू शेजारी ठेवले तर काहीच घडत नाही. ट्रॉम्बे येथील खत कारखान्यासारख्या ठिकाणी हा बंध लोहयुक्त उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर, 400 ते 500 अंश सेल्सिअस तापमानात आणि शेकडो वातावरण इतक्या दाबाखाली सैल करून घेतला जातो. अमोनियापासून युरिया होतो आणि तो शेतापर्यंत जातो. पावसाळ्यातली वीजही हवेतील नायट्रोजनचे बंध तोडते, पण शेतीची आजची गरज तेवढ्याने भागणारी नाही.

आयनिक आणि सहसंयुज अशी विभागणी शिकवण्याच्या सोयीची आहे. निसर्गात त्यांच्यामध्ये भिंत नाही. बंधातील इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढण्याच्या अणूच्या क्षमतेला विद्युतऋणता म्हणतात. लायनस पॉलिंग यांनी 1932 मध्ये तिची मोजपट्टी सुचवली. आज वापरात असलेल्या तिच्या मूल्यांनुसार सोडिअम 0.93, हायड्रोजन 2.20, क्लोरिन 3.16, ऑक्सिजन 3.44 आणि फ्लुओरिन 3.98 येते. फरक मोठा असला की बंध आयनिकतेकडे झुकतो, शून्य असला की भागीदारी समसमान राहते, आणि बहुतेक संयुगे या दोहोंच्या मध्ये कोठेतरी असतात.

धातूंमध्ये बाह्य इलेक्ट्रॉन कोणा एका अणूचे किंवा जोडीचे न राहता साऱ्या रचनेत मोकळे फिरतात. लोकलच्या डोक्यावरील तांब्याच्या तारेतून 25,000 व्होल्टचा पुरवठा होऊ शकतो तो यामुळेच. झवेरी बाजारातील कारागिराच्या हातोडीखाली सोने फुटत नाही तर पसरते, कारण अणूंचे थर एकमेकांवरून सरकले तरी फिरते इलेक्ट्रॉन त्यांना धरून ठेवतात. मिठाच्या खड्यात तसाच थर सरकला तर सारखे प्रभार समोरासमोर येतात आणि खडा तडकतो.

अणूंना जोडणाऱ्या बंधांहून दुबळी, रेणूंमध्ये काम करणारी आकर्षणेही असतात आणि त्यांत हायड्रोजन बंध सर्वांत महत्त्वाचा आहे. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढून घेतो, त्यामुळे हायड्रोजनच्या बाजूला थोडा धन प्रभार येतो आणि ती बाजू शेजारच्या रेणूतील ऑक्सिजनकडे ओढली जाते. हा बंध सुमारे 20 किलोज्यूलचा. रेणूच्या आतील ऑक्सिजन-हायड्रोजन बंध 463 किलोज्यूलचा. तरीही या दुबळ्या बंधाविना पाणी नेहमीच्या तापमानाला द्रव राहिले नसते: तशाच घडणीचा पण अधिक जड असलेला हायड्रोजन सल्फाइड उणे 60 अंशांनाच उकळतो. ससून डॉकवर बर्फाच्या लाद्या फोडून त्याचा चुरा मासळीत घातला जातो, तेव्हा वितळणारा प्रत्येक ग्रॅम बर्फ 334 ज्यूल उष्णता शोषतो. ती हायड्रोजन बंधांची पोकळ, नियमित जाळी मोडण्यात खर्ची पडते आणि तोवर बर्फाचे तापमान शून्यावरून हलत नाही. आतील बंध मात्र एकही तुटत नाही. बर्फ, पाणी आणि वाफ यांचा रेणू तोच राहतो.

दुबळा बंध आणि बळकट बंध यांतील फरक गिरणगावातल्या रंगाई खात्यांना पुस्तकाविनाही ठाऊक होता. 1933 मध्ये मुंबई विद्यापीठाने सुरू केलेल्या आणि पुढे माटुंग्यात वाढलेल्या रसायन तंत्रज्ञान विभागात (आजची रसायन तंत्रज्ञान संस्था) कापडाचे रसायनशास्त्र आरंभापासून शिकवले जाई. कापसाचा धागा सेल्युलोजचा असतो आणि त्यावर ऑक्सिजन-हायड्रोजनचे असंख्य गट असतात. जुने थेट रंग या गटांना हायड्रोजन बंधांनी व त्याहूनही क्षीण आकर्षणांनी चिकटत, म्हणून धुताना रंग जाई. 1956 पासून बाजारात आलेले अभिक्रियाशील रंग सोड्याच्या अल्कधर्मी पाण्यात धाग्याशी थेट सहसंयुज बंध करतात आणि धागा झिजेपर्यंत टिकतात. अडचण एवढीच की ऑक्सिजन-हायड्रोजनचा तसाच बंध पाण्याच्या रेणूतही असल्याने रंगाचा काही भाग धाग्याऐवजी पाण्याशीच जुळतो. तो पुन्हा कापडाशी बंध करू शकत नाही. साबणाच्या गरम पाण्याने तो धुऊन काढावा लागतो आणि रंगाई कारखान्यांच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करण्याचा मोठा खर्च या धुतलेल्या रंगापायी येतो.