रोज चालणारी जुनी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवायची आहे? पात्रता, कागदपत्रं आणि अस्सलपणाची तपासणी

आमच्या सासऱ्यांची फियाट १९६७ ची. डिलाइट, हँडल गिअरची. रोज सकाळी साडेसातला ती मंडईत जाते आणि नऊच्या आत परत येते. दोन वर्षांपूर्वी घरात ठरलं की तिची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करून टाकायची. कागद गोळा करण्याचं काम माझ्याकडे आलं. जवळजवळ दोन महिने त्यात गेले, फाइल तयार झाली आणि अर्ज काही भरला नाही. कारण कागदांत नव्हतं, मंडईत होतं. ते पुढे येईलच.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. त्याआधी प्रत्येक राज्यात, कधी कधी प्रत्येक आरटीओत, निराळी पद्धत होती.

कोणती गाडी बसते

दुचाकी किंवा चारचाकी, खाजगी वापराची, आणि पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून ५० वर्षं पूर्ण झालेली. उत्पादनाचं वर्ष इथे कामाचं नाही. गाडी १९७४ च्या अखेरीस कारखान्यातून निघाली आणि मार्च १९७५ मध्ये नोंदली गेली, तर मोजणी मार्च १९७५ पासून. आयात केलेली गाडीही चालते. म्हणजे लॅम्ब्रेटा, आकुर्डीची जुनी व्हेस्पा १५०, जावा, बुलेट, डुक्कर फियाट, अँबॅसिडर, सगळ्या येऊ शकतात. तीनचाकी, ट्रक आणि बस येत नाहीत. पुण्यात कुणाच्या शेडमध्ये हॅन्सीट टेम्पो जपून ठेवलेला असेल तर त्याला या नियमात जागा नाही, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. क्लबच्या भाषेत साधारण १९३९ पर्यंतची गाडी ती व्हिंटेज आणि त्यानंतरची ती क्लासिक. सरकारी नियमाला हा भेद माहीत नाही. त्याला फक्त ५० वर्षं आणि मूळ स्वरूप हवं. त्यामुळे रॅलीच्या फॉर्मवर ‘क्लासिक’ असलेली गाडी आरटीओच्या कागदावर ‘व्हिंटेज’ असू शकते. गोंधळून जाऊ नका.

अस्सल म्हणजे किती अस्सल

नियमाची भाषा अशी की गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी आणि तिच्यात मोठा फेरबदल झालेला नसावा. मोठा फेरबदल म्हणजे चासी, बॉडी शेल (गाडीचा बाहेरचा सांगाडा) किंवा इंजिन यांपैकी कशातही केलेला बदल. रोज चालणाऱ्या गाडीची खरी परीक्षा इथेच. शेडमध्ये झाकून ठेवलेली गाडी गंजते, पण बदलत नाही. रोजची गाडी गंजत नाही, ती हळूहळू बदलत जाते. एकेका मेकॅनिकच्या सोयीने, एकेका दशकात मिळणाऱ्या सुट्या भागांनी.

आमच्या फियाटचंच बघा. बॅटरी चार्ज करणारा मूळ डायनॅमो जाऊन नव्या पद्धतीचा अल्टरनेटर आला १९८९ च्या सुमारास. सीटचं कापड तीनदा बदललं. रंग मूळचा फिकट हिरवा होता, आता पांढरा आहे. यातलं काहीही चासी, शेल किंवा इंजिनात मोडत नाही, म्हणून नोंदणीच्या दृष्टीने घाबरण्यासारखं काही नाही. रॅलीचा परीक्षक मात्र या तिन्हींचे गुण कापेल. सरकारी समिती आणि रॅलीचा परीक्षक हे दोन वेगळे प्राणी आहेत, हे लक्षात ठेवलं की अर्धी काळजी मिटते.

नियमाच्या बाजूने खरंच आडवं येतं ते वेगळंच. फियाटमध्ये डिझेल इंजिन बसवलेलं असणं. जीपची चासी कापून लांबी वाढवलेली असणं. छप्पर कापून ‘ओपन’ केलेली गाडी. लग्नाच्या वरातीसाठी असल्या गाड्या भाड्याने देणारे आपल्याकडे कमी नाहीत. दिसायला त्या झकास असतात, पण मूळ स्वरूप म्हणून त्यांची बाजू मांडणं अवघड.

मधला प्रकार म्हणजे त्याच जातीचं बदली इंजिन. १०८९ सीसीचं फियाटचं इंजिन पुढे प्रीमियर पद्मिनीतही होतं, त्यामुळे मुंबई-पुण्यात कितीतरी जुन्या फियाटना नंतरचं इंजिन बसलेलं सापडतं. गाडी धावते, कुणाला कळत नाही, आणि पासिंगच्या दिवशी इंजिनवरचा नंबर आरसीशी जुळत नाही. असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरसीत चढवून घ्यावा लागतो. तो चढवलेला नसेल तर व्हिंटेजच्या अर्जाआधी ते काम उरका. आणि समितीने विचारलं तर बदल लपवू नका. नंबर घासून नवा ठोकण्याचा सल्ला देणारे महाभाग भेटतात. तो गुन्हा आहे, आणि गाडीची किंमतही त्याने कायमची जाते.

कागदपत्रं

अर्ज फॉर्म २० मध्ये. सोबत चालू विमा पॉलिसी, शुल्क, आणि गाडी भारतात आधी नोंदलेली असेल तर जुनी आरसी. आयात गाडी असेल तर कस्टमची बिल ऑफ एंट्री. नियमात एवढंच आहे. प्रत्यक्षात मालकाचं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा, पीयूसी, चासी नंबरची पेन्सिल प्रिंट (नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीने उतरवलेला ठसा) आणि गाडीचे चारी बाजूंचे फोटो हाताशी ठेवा. एक फोटो इंजिनचा, एक नंबर ठोकलेल्या जागेचा.

जुन्या आरसीवर मात्र जास्त वेळ घालवावा लागतो. १९६०-७० च्या आरसी पुस्तकांच्या स्वरूपात आहेत, शाई उडालेली, पानं जीर्ण. त्या नोंदी संगणकात असतीलच असं नाही. गाडी सरकारच्या ‘वाहन’ या संगणक प्रणालीत दिसत नसेल तर मूळ आरटीओत आधी बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद संगणकात चढवून घ्यावी लागते. माझे दोन महिने बहुतांश इथे गेले. एका कार्यालयात रजिस्टर शोधण्यात तीन फेऱ्या फुकट गेल्या. चौथ्या फेरीत ते सापडलं, तर त्यात सासऱ्यांच्या वडिलांचं नाव चुकीचं लिहिलेलं. आरसी हरवली असेल तर पोलिसात नोंद आणि फॉर्म २६ वर दुय्यम आरसी.

गाडी अजून आजोबांच्या नावावर असेल तर? हे आपल्याकडे फार. आजोबा जाऊन २० वर्षं झाली, गाडी नातू चालवतो, कागद तसेच. मालक वारल्यावर वारसाच्या नावावर गाडी चढवण्यासाठी फॉर्म ३१ असतो. ते आधी पूर्ण करा, इतर वारसांची संमती घ्या, मगच व्हिंटेजकडे वळा. मृत माणसाच्या नावाने फॉर्म २० भरता येत नाही. बँकेचा जुना बोजा आरसीवर राहिला असेल तर तोही उतरवून घ्या. कर्ज फिटून ४० वर्षं झालेली असतात, पण शिक्का तिथेच असतो.

अर्ज ते आरसी

अर्ज परिवहन पोर्टलवरून जातो. अशा अर्जांसाठी राज्याने नोडल अधिकारी नेमायचा असतो आणि गाडी व्हिंटेज ठरते की नाही हे राज्याची समिती पाहते. पसंती मिळाली की ६० दिवसांत फॉर्म २३-ए मध्ये नोंदणी प्रमाणपत्र द्यायचं, असं नियम सांगतो. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, पुढच्या पुनर्नोंदणीचं ५,०००.

नंबराबद्दल लोक सगळ्यात आधी विचारतात. भारतात आधी नोंदलेली गाडी आपला मूळ नंबर ठेवू शकते. बीएमवाय, बीएमझेड अशा मुंबईच्या जुन्या सिरीज ज्यांनी जपल्या आहेत त्यांना ही मोठीच सवलत. नव्याने नोंदली जाणारी गाडी ‘व्हीए’ सिरीजमध्ये जाते. आधी राज्याचा कोड, मग व्हीए, मग दोन अक्षरं आणि चार आकडे. महाराष्ट्रात एमएच व्हीए, गोव्यात जीए व्हीए.

विम्यातही फरक पडतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत, व्हिंटेज म्हणून नोंदलेल्या खाजगी कारला थर्ड पार्टी हप्त्यात ५० टक्के सूट आहे. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा काढताना मात्र एजंट तिची किंमत जवळजवळ शून्य धरतो. तिथे आधी मूल्यांकन करून कंपनीशी ठरलेल्या रकमेचा विमा मागा.

आणि मग ती मंडई

व्हिंटेज नोंदणीची गाडी रस्त्यावर नियमित वापरता येत नाही, व्यावसायिक तर नाहीच. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, तिथे जाणं-येणं, पेट्रोल भरणं आणि देखभाल, एवढ्यासाठी ती बाहेर पडू शकते. पेट्रोलपंपावर जाणं चालतं. पंपाशेजारच्या भाजीवाल्याकडे थांबायचं कुठल्याच यादीत नाही.

ही अट फक्त आपली नाही. जुन्या गाड्यांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘फिवा’ ऐतिहासिक वाहनाची व्याख्या करते त्यातही तेच आहे. किमान ३० वर्षं जुनं, ऐतिहासिकदृष्ट्या अचूक स्थितीत राखलेलं, आणि रोजच्या प्रवासाचं साधन नसलेलं. मला हे थोडं अन्यायाचं वाटतं. गाडी पन्नासाहून जास्त वर्षं नीट धावती राहिली ती रोज चालली म्हणून, आणि तिला वारशाचा दर्जा द्यायचा तर आधी रोजचं चालणं बंद करा. पण नियम तो नियम.

तेव्हा अर्ज करण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: गाडी पुढेही रोज लागणार आहे का? लागणार असेल तर साध्या आरसीचं नूतनीकरण हा मार्ग आहे. फॉर्म २५, मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत, निरीक्षकासमोर गाडी पास करून, दर पाच वर्षांनी. २० वर्षांपेक्षा जुन्या कारचं नूतनीकरण शुल्क ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये झालं आहे, दुचाकीचं २,०००. शिवाय आपल्या राज्यात १५ वर्षांवरच्या गाडीला पर्यावरण कर. म्हणजे पैशाचा हिशेब केला तर व्हिंटेजच स्वस्त पडतं. सासऱ्यांना मी तो हिशेब कागदावर मांडून दाखवला. त्यांनी कागद वाचला, घडी घातली आणि त्यावर दुसऱ्या दिवशीची भाजी लिहिली.

रोजची गाडी रॅलीच्या परीक्षकांपुढे

साध्या आरसीवरची गाडीही रॅलीत आणि अस्सलपणाच्या स्पर्धेत भाग घेऊ शकते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मुंबईत व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाची रॅली कित्येक वर्षं हॉर्निमन सर्कलहून सुटत आली आहे. इतर शहरांतही क्लब आहेत. प्रत्येकाची नियमपुस्तिका वेगळी, ती आधी मागवून वाचा. प्रवेशअर्जात साधारण गाडीचं मॉडेल, वर्ष, चासी आणि इंजिन नंबर, फोटो आणि थोडा इतिहास विचारतात. सोबत आरसी, विमा, पीयूसी आणि लायसन्सच्या प्रती.

गट निवडताना चुकू नका. ‘रिस्टोअर्ड’ गटात चकचकीत गाड्यांशी सामना असतो, तिथे रोजच्या गाडीचा निभाव लागत नाही. ‘प्रिझर्व्ड’ किंवा मूळ स्थितीतल्या गाड्यांचा गट असेल तर तिथे नाव द्या. त्या गटात झीज हा दोष नसतो. पायाने गुळगुळीत झालेलं क्लच पेडल, विटलेलं स्टिअरिंग, काचेवरचे बारीक चरे, हे सगळं गाडी खरी असल्याचा पुरावा म्हणून पाहिलं जातं. दोष मानला जातो तो मूळ नसलेला भाग.

म्हणून रॅलीच्या तोंडावर नवा रंग मारू नका. इंजिन बे केरोसीनने हलक्या हाताने पुसा, सिल्व्हर पेंट फासू नका. चासी प्लेटवरचा थर मऊ कापडाने काढा, पॉलिश पेपर लावलात तर अक्षरं जातील. हॉर्न, वायपर, सगळे दिवे, डॅशबोर्डवरचे काटे चालते हवेत, कारण परीक्षक एकेक चालवून बघतो. जॅक, मूळ पान्यांची पिशवी, हबकॅप आणि स्टेपनी जागेवर असू द्या. काढून ठेवलेला जुना डायनॅमो माळ्यावर असेल तर तो परत बसवणं हा सगळ्यात स्वस्त सुधार. आम्ही तो बसवला. सोलेक्स कार्बोरेटर सुदैवाने मूळचाच होता.

फाइल बरोबर न्या. व्हिंटेज नोंदणीसाठी जमवलेले कागद इथे कामी आले. जुनी आरसी, १९७१ चं गॅरेजचं बिल, लग्नातला फोटो ज्यात मागे फिकट हिरवी गाडी उभी आहे. रंग बदलल्याचे गुण कापले गेलेच, पण परीक्षकाने तो फोटो बराच वेळ हातात धरला होता.

बक्षीस मिळालं नाही. गाडी रविवारी संध्याकाळी परत आली आणि सोमवारी साडेसातला मंडईत गेली. आरसीची मुदत पुढच्या मे महिन्यात संपते. फॉर्म २५ ची तारीख सासऱ्यांनी कालनिर्णयवर मार्चच्या पानावर लिहून ठेवली आहे.