सपुष्प वनस्पतींच्या अजब गोष्टी

सपुष्प वनस्पती म्हणजे ज्यांना फुलं येतात आणि ज्यांचं बी फळाच्या आत तयार होतं अशा वनस्पती. यांच्या साधारण ३ लाख जाती माहीत आहेत. गहू, भात, बांबू आणि साधं गवतसुद्धा यातच येतं, फक्त त्यांची फुलं बारीक आणि बिनरंगाची असतात, कारण त्यांचे परागकण वारा नेतो, कुणाला बोलवायची गरजच नसते. बाकीच्या बहुतेकांना मात्र पराग दुसऱ्या फुलापर्यंत न्यायला कीटकांसारख्या कुणाला तरी बोलवावं लागतं, झाड काय जागचं हलत नाही.

अमेझॉन खोऱ्यातल्या व्हिक्टोरिया नावाच्या पाणकमळाचं बघा. पहिल्या संध्याकाळी फूल पांढरंशुभ्र उमलतं, आतून चक्क गरम होतं, गोड वास सोडतं, त्या वासाने भुंगेरे आत शिरतात आणि पाकळ्या मिटतात, म्हणजे पाहुणे आतच कोंडले. तोवर मादी असलेलं फूल आता नर होतं आणि पराग सोडायला लागतं. दुसऱ्या संध्याकाळी ते उघडतं तेव्हा गुलाबी झालेलं असतं, वास गेलेला, आणि परागाने माखलेले भुंगेरे निघतात थेट पुढच्या पांढऱ्या फुलाकडे! मला तरी याहून सुंदर योजना माहीत नाही.

सुमात्राच्या जंगलातल्या रॅफ्लेशियाला पान नाही, खोड नाही, ते एका वेलीच्या आत परजीवी म्हणून वाढतं आणि बाहेर येतं ते एकदम मीटरभर रुंद फूल, सडक्या मांसाचा वास मारणारं, कारण त्याला माश्या हव्यात. उलट पाण्यावर तरंगणारं वुल्फियाचं अख्खं रोप १ मिलिमीटरच्या आसपास.

मादागास्करच्या एका ऑर्किडचा मकरंद जवळपास ३० सेंटिमीटर लांब नळीच्या तळाशी असतो. १८६२ मध्ये डार्विनने लिहिलं की एवढी लांब सोंड असलेला पतंग तिथे असलाच पाहिजे. तसा पतंग १९०३ मध्ये नोंदला गेला, तेव्हा डार्विनला जाऊन २१ वर्षं झाली होती.

व्हॅनिलाही ऑर्किडच, मूळची मेक्सिकोकडची. ती हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर नेली तर वेल वाढली पण शेंगा काही धरेनात, कारण तिथे परागीकरण करणारे तिचे कीटक नव्हते. १८४१ मध्ये एडमंड अल्बियस या १२ वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडीने फुलातला पडदा उचलून अंगठ्याने पराग आत दाबला. आजही बहुतेक व्हॅनिला अशीच, एकेक फूल हातात धरून पिकवली जाते.