कानाला आवाजाची सवय होते म्हणे!

मशीनवर नवीन माणूस आला की जुने लोक हमखास सांगतात, थोडे दिवस त्रास होईल मग कानाला सवय होते. अहो सवय कसली, कानाच्या आतल्या बारीक केसांसारख्या पेशी मरतायत आणि त्या परत येत नाहीत, त्यामुळे आवाज कमी वाटायला लागला तर उलट घाबरायला पाहिजे. अमेरिकेतल्या नायॉश (NIOSH) या कामगारांच्या सुरक्षा-आरोग्यावर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेची शिफारस आहे ८५ डेसिबल आवाजात दिवसाला जास्तीत जास्त ८ तास, पुढे दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा, म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं! आणि मॅनेजर लोक इअरप्लग वाटून सही घेतात, झालं. आधी मशीनचाच आवाज कमी करायचा असतो, कव्हर लावा, मेंटेनन्स करा, ड्युटी फिरवा, प्लग सगळ्यात शेवटी. शिवाय कामगारांच्या कानांची नियमित तपासणी, ती तर बहुतेक ठिकाणी कागदावरच.